बिऱ्हाड हलवण्याआधी



आपल्या भुदरगड तालुक्यात मुंबईशी नातं नाही असं गाव शोधावं लागेल. कुणाचा बाप गिरणीत होता, कुणाचा चुलता गोदीत, कुणाचा मुलगा आज तिकडं नोकरीला आहे. आणि वर्षातून एकदा तरी घरोघर एक प्रश्न निघतोच. मुंबईत खर्च झेपत नाही, खोली लहान, पोरं मोठी होत चालली. तेव्हा बिऱ्हाड उचलून गावाकडं यावं का? शिक्षक मंडळींना हा प्रश्न वेगळ्या शब्दांत भेटतो. जूनमध्ये एखादी माउली मुलाचा हात धरून शाळेच्या दारात उभी राहते आणि विचारते, "गुरुजी, मुंबईचा दाखला आणलाय, ह्याला घेता का?" त्या दाखल्यामागं एका घरानं केलेला मोठा निर्णय असतो.

हा प्रश्न आजचा नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत तो निदान तीन वेळा हजारो घरांपुढं एकदम येऊन उभा राहिला. त्या तीन वेळांचा इतिहास आपल्याला काय सांगतो, ते आज पाहू.

आधी माणसं गेली कशी, ते समजून घ्यावं लागेल. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढं गिरण्या वाढत गेल्या. त्यांना हात हवे होते, ते कोकणातून आणि घाटावरून आले. १८९१ साली कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली आणि आपल्याकडच्या माणसाला मुंबई जवळ झाली. पण गेला तो बहुधा एकटा गडी. बायको, आईबाप, लहान मुलं, जमिनीचा तुकडा आणि गुरंढोरं इथंच राहिली.

मुंबईत एकेका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण राहायचे. एक पाळी कामावर, तर दुसरी झोपलेली. जेवण खानावळवाल्या बाईकडं. आणि महिन्याला गावाकडं मनिऑर्डर. टपाल खात्याची मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि तिची जुनी पद्धत २०१५ साली बंद झाली. मधल्या काळात किती घरांच्या चुली त्या कागदावर पेटल्या, ह्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. १९११ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागं जेमतेम ५३० बायका होत्या. बाकीच्या कुठं होत्या? गावाकडं. भात लावत होत्या, शेण काढत होत्या, म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं बघत होत्या. म्हणजे आपल्या लोकांचं बिऱ्हाड पुरतं मुंबईला गेलंच नव्हतं. अर्धं तिथं, अर्धं इथं, अशीच मांडणी होती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली इथं आहे.

पहिली वेळ आली ती प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. थोड्याच महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सुमारे ८ लाख २२ हजार होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांपैकी पावणेचार लाखांच्या वर माणसं बाहेर पडली, असा अंदाज आहे. त्या वेळी विचार करायला सवडच नव्हती. जीव वाचवायचा, एवढंच ठाऊक. पण पळणाऱ्यांबरोबर रोगही निघाला. १८९७ मध्ये पुण्यात त्यानं थैमान घातलं. तिथं रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांना प्लेग झाला आणि त्याच वर्षी १० मार्चला त्या गेल्या. पुढं साथ दक्षिण महाराष्ट्रात पसरली, कोल्हापूर संस्थानातही आली. लोक गाव सोडून माळावर खोपटी घालून राहिले.

मग मुंबई ओस पडली का? नाही. १९०१ ला वस्ती ७ लाख ७६ हजारांवर उतरली होती. १९११ ला ती ९ लाख ७९ हजारांवर गेली. साथ पुरती गेलेली नव्हती, तरी माणसं परत गेली. कारण उघड आहे. गावात आसरा होता, पण रोख पैसा नव्हता. सावकाराचं देणं आणि लग्नकार्याचा खर्च नुसत्या नाचणी-भातावर भागत नव्हता. भीतीनं माणूस गावाकडं आणला, पण त्याला गावात ठेवून घेणं भीतीच्या हातात नव्हतं.

दुसरी वेळ पुष्कळांना आठवते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार, बोनस आणि आपली युनियन निवडायचा हक्क, ह्या मागण्या होत्या. मुंबईत बसून खायला परवडेना, म्हणून पुष्कळजण गावी आले. आजरा, भुदरगड, चंदगड, गडहिंग्लज, सगळीकडं हेच. चार-दोन महिन्यांत मिटेल असं वाटत होतं. पण तो संप कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही. हजारोंची नोकरी गेली, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या.

ह्या वेळचं परतणं ठरवून केलेलं नव्हतं, ते अंगावर पडलं. तरीही घराघरांत फरक झाला. ज्याच्या नावावर थोडी तरी जमीन होती, जिथं भावाभावांत बोलणं होतं, जिथं बायकोनं इतकी वर्षं पैरा धरून शेत पिकतं ठेवलं होतं, त्या घरानं धक्का सोसला. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघामुळं, आपल्या 'गोकुळ'मुळं, गावोगाव दूध संस्था झाल्या होत्या. दोन म्हशी असल्या की दुधाच्या बिलाची रोकड हाती येई. प्लेगच्या काळात जो रोख पैसा गावात नव्हता, तो आता थोडा का होईना मिळू लागला होता. उलट ज्यानं वाटणी विकून मुंबईत खोलीची पागडी भरली होती, त्याला परत यायला जागाच उरली नव्हती.

इथं बायकांविषयी बोललं पाहिजे. संपाचा इतिहास सांगताना आपण सभा आणि मोर्चे सांगतो. पण परतलेल्या माणसाला ज्या घरात जागा मिळाली, ते घर तिनं उभं ठेवलेलं होतं. आणि वीस-पंचवीस वर्षं एकटीनं निर्णय घेणाऱ्या त्या बाईच्या घरात, पाळीच्या भोंग्यावर जगलेला नवरा येऊन बसला. दोघांनाही ते सोपं गेलं नाही. बिऱ्हाड हलतं तेव्हा भांडीकुंडी टेम्पोत मावतात. सवयी मावत नाहीत.

तिसरी वेळ अगदी अलीकडची. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि मे महिन्यात मुंबईकर जिल्ह्यात परतू लागले. प्राथमिक शाळांच्या खोल्यांत त्यांना वेगळं ठेवलं गेलं. सव्वाशे वर्षांपूर्वीची भीती पुन्हा दिसली. आपलीच माणसं, पण वेशीवर थांबवलेली. पुढं टाळेबंदी सैल झाली तसे बरेचजण परत गेले. ह्याही वेळी कारण तेच, काम तिकडं होतं.

गारगोटीनं ह्या प्रश्नाचं एक वेगळं उत्तर शोधून पाहिलं आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. मुंबईत १९४८ साली भारतीय शिक्षण संस्था सुरू करणारा हा माणूस पुढं गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत शिरला. कोल्हापूरचे व्ही. टी. पाटील ह्या कामात पुढं होते. खेड्यातल्या मुलाला चांगल्या शिक्षणासाठी शहर गाठावं लागू नये, हा त्यामागचा विचार. १९५६ साली देशात ज्या मोजक्या ग्रामीण उच्च शिक्षण संस्था निवडल्या गेल्या, त्यांत गारगोटी होती. म्हणजे माणसानं गावात राहावं असं वाटत असेल, तर राहण्याजोगं काही गावात उभं केलं पाहिजे, हे त्या पिढीनं ओळखलं होतं. मुलं तरीही मुंबई-पुण्याला गेली, हे खरं. पण पुष्कळजण शिकून गेली, आणि काहींना जावंच लागलं नाही.

तर मग ज्याच्या घरात आज हा विचार चालू आहे त्यानं काय करावं? इतिहास सल्ला देत नाही, पण कोणते प्रश्न विचारावेत हे दाखवतो. सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का, आणि वाटणीचं बोलणं भावाबहिणींशी झालं आहे का? २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे, हे विसरून चालणार नाही. गावात महिन्याला रोख किती येईल? मुलाची शाळा आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना किती लांब? आणि सर्वांत आधी, घरातल्या बाईला विचारलं आहे का? मुंबईतल्या बाईलाही आणि गावातल्या बाईलाही. कारण एकीचं घर सुटणार असतं आणि दुसरीच्या घरात वाटेकरी येणार असतात.

मुंबईत घर सोडताना आणखी एक विचार. संपात नोकरी गेलेल्या गिरणी कामगारांसाठी म्हाडानं २०१२ साली घरांची मोठी सोडत काढली. दीड लाखाच्या आसपास अर्ज होते, त्यामुळं पुष्कळांच्या वाट्याला वाट पाहणंच आलं. पुढं शेलू-वांगणीसारख्या मुंबईबाहेरच्या जागांची घरं पुढं आली, तेव्हा घर मुंबईतच हवं असं पुष्कळांनी सांगितलं. गावात तीस-चाळीस वर्षं काढलेला म्हातारासुद्धा तो अर्ज जपून ठेवतो. ह्यात हाव नाही. तिकडंही आपला घाम गेला आहे, हे त्याला कागदावर हवं आहे.

मंडळी, आपल्या आज्या-पणज्यांनी दोन्हीकडची दारं उघडी ठेवली, म्हणून प्लेगमध्ये आणि संपात घरं तगली. आज जाणाऱ्यानं गावचं दार मोडू नये, आणि येणाऱ्याला गावानं वेशीवर थांबवू नये. निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा. पण तो अडचणीच्या रात्री घाईनं घेण्यापेक्षा सुगीनंतर, सगळे एकत्र असताना, सोप्यात बसून घ्यावा.