कंदाहार नावाचा उतार

जर्मनीत गार्मिश-पार्टेनकिर्खेनला बर्फाचा एक उभा उतार आहे. विश्वचषकातले स्कीपटू त्यावरून ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने खाली झेपावतात. उताराचं नाव कंदाहार. टीव्हीवर हे नाव ऐकलं तेव्हा आधी १९९९चं विमान अपहरण आठवलं, मग आपलं नांदेडचं कंधार. अफगाणिस्तानातलं ते रखरखीत शहर आल्प्सच्या बर्फावर कसं पोचलं, हे मनातून जाईना. आमच्या कोंढा गावात हिवाळा म्हणजे धानाची चुरणी, पहाटेचं धुकं, आणि आसपास कुठेतरी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. बर्फ नाहीच. तरीही माग काढत गेलो, तर वाट वारंवार हिंदुस्थानातच येऊन मिळाली.

२७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजी फौजेचा दारुण पराभव झाला. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. बॉम्बे ग्रेनेडियर्सचे शिपाई तिथे मोठ्या संख्येने पडले. उरलेली फौज कंदाहारच्या तटामागे अडकली. तिच्या सुटकेसाठी काबूलहून सुमारे दहा हजारांचं सैन्य घेऊन निघाले जनरल फ्रेडरिक रॉबर्ट्स. यांचा जन्म कानपूरचा, १८३२चा. जवळपास पाचशे किलोमीटरची वाट त्यांनी सुमारे तीन आठवड्यांत तुडवली आणि १ सप्टेंबरला लढाई जिंकली. पुढे सरदारकी मिळाली, तेव्हा कंदाहार त्यांच्या नावालाच जोडलं गेलं.

दुसरी वाट मद्रासची. हेन्री लन नावाचे मेथडिस्ट मिशनरी डॉक्टर तिथे कामाला आले होते. १८८८ साली त्यांना मद्रासमध्येच मुलगा झाला, त्याचं नाव अर्नोल्ड. इंग्लंडला परतल्यावर हेन्री लन यांनी श्रीमंत इंग्रजांना हिवाळ्यात स्वित्झर्लंडला नेण्याचा व्यवसाय मांडला. त्यांच्या क्रीडा क्लबाशी लॉर्ड रॉबर्ट्स यांचाही संबंध होता. उतारावरच्या शर्यतीसाठी त्यांनी एक चषक दिला: ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’. १९११च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या मोंटाना इथे त्याची पहिली शर्यत झाली. दहा जण हिमनदीवरून एकदमच सुटले आणि वाट सापडेल तसे खाली आले. आखलेला मार्ग नव्हता, वळणांसाठी रोवलेल्या काठ्यांची दारंही नव्हती.

ती दारं मात्र इंग्रजांची नव्हेत. नॉर्वेतल्या मोर्गेदाल या गावी सोंड्रे नोर्हाइम नावाचा कष्टकरी माणूस टाचेला पिळलेल्या डहाळ्यांचा पट्टा बांधून वळणं घेत उतरे. ‘स्लॅलम’ हा शब्द त्याच मुलखातला, अर्थ उतारावरची पायवाट. ऑस्ट्रियात मथियास झडार्स्की यांनी १९०५ साली लिलियनफेल्डला ८५ दारांची शर्यत घेतली. अर्नोल्ड लन यांनी १९२२ साली म्युरेनला स्लॅलमला आजच्या वळणाचं रूप दिलं. कौशल्याचं मोजमाप घड्याळावर. डोंगर चढताना १९०९ साली पाय मोडल्याने त्यांचा एक पाय कायमचा आखूड झाला होता, हे वाचून मला त्या माणसाविषयी आदर वाटला. १९२४ साली म्युरेनला क्लब निघाला, त्याचंही नाव कंदाहार. १९२८ साली ऑस्ट्रियन स्की प्रशिक्षक हान्नेस श्नाइडर यांच्यासह सांक्ट आंटोनला सुरू झालेली शर्यत आर्लबर्ग-कंदाहार. गार्मिशच्या उताराचं नाव याच परंपरेतलं.

एक स्कीपटू एका वेळी, समोर फक्त घड्याळ, आणि पराभव सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. हे मी लहानपणापासून ओळखतो. आमच्याकडे सेकंदावरचा पट असाच होतो. जोडी सुटते, सगळं गाव श्वास रोखतं, आणि आकडा येतो. पण बैलजोडीच्या धन्याला कोणी कधी विचारलं नाही की तुझं पोट यावर चालतं का. आल्प्सच्या पोरांना तेच विचारलं गेलं.

चषकासाठी उतरणारे सुट्टीवर आलेले धनिक होते, आणि बर्फावर खरे तरबेज तिथल्या शेतकऱ्यांचे मुलगे. ते स्की शिकवून कमावत. १९३६ साली गार्मिशलाच ऑलिंपिकमध्ये डोंगर उताराच्या शर्यती पहिल्यांदा आल्या आणि पगारी प्रशिक्षकांना दार बंद झालं. ऑस्ट्रियन आणि स्विस पुरुष स्कीपटूंनी पाठ फिरवली. १९६७ साली विश्वचषक सुरू झाला, तरी ऑलिंपिकची अट सुटली नाही. १९७२ साली साप्पोरोत स्पर्धेच्या तोंडावर ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रांझ यांना जाहिरातीतून पैसा घेतल्याबद्दल घरी पाठवलं. कारकिर्दीत विश्वचषकाच्या ८६ शर्यती जिंकलेल्या स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्क यांना याच अटीमुळे १९८४ साली साराएवोत उतरता आलं नाही. कष्टाने कमावलेल्या कसबाचे पैसे घेणं हा गुन्हा कसा, हे मला आजही समजत नाही. राग येतो.

१९८८ साली कॅलगरीला स्टेनमार्क पुन्हा उतरले. त्याच स्पर्धेत शैलजा कुमार स्लॅलममध्ये २८व्या आल्या. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताची ती पहिली महिला खेळाडू. त्याआधी १९६४ साली इन्सब्रुकला जेरेमी बुयाकोव्स्की यांनी भारताचं नाव लावून पहिला उतार घेतला होता.

आणि मग गुलमर्गचे आरिफ खान. वडिलांचं तिथे स्कीच्या साहित्याचं दुकान, म्हणजे घरच बर्फावर चालणारं. चार वर्षांचा असताना मुलाने उतारावर पाय ठेवला. १९३६च्या नियमवाल्यांनी या घराकडे संशयाने पाहिलं असतं. आरिफ यांच्या वाट्याला अडचण उलटी आली: पैसाच नव्हता. परदेशातला सराव, प्रवास, स्कीच्या जोड्या, सारं स्वतःच उभं करायचं. त्यापायी २०१८चं ऑलिंपिक हुकलं. २०२२च्या तयारीसाठी त्यांनी लग्न पुढे ढकललं. बीजिंगला गेलेल्या भारतीय पथकात ते एकटेच खेळाडू.

१३ फेब्रुवारी २०२२. यांचिंगच्या उतारावर बर्फ पडत होता, समोरचं धड दिसत नव्हतं. जायंट स्लॅलमला ८९ जण सुटले आणि जवळजवळ निम्मे वाटेतच बाद झाले. दुकानदाराचा मुलगा दोन्ही फेऱ्यांत एकेक दार घेत खाली आला, पंचेचाळिसावा.