इंजिन बांधायचं की बदलायचं?

१९३८ साली डेल्मर 'बार्नी' रूस नावाचा अभियंता अमेरिकेतल्या विलिस-ओव्हरलँड कंपनीत दाखल झाला, तेव्हा कंपनीकडे पैसे नव्हते आणि हाताशी होतं ते इंजिन जुनं होतं. विसाच्या दशकातल्या 'व्हिपेट' गाडीपासून चालत आलेलं, चार सिलिंडरचं, ४८ हॉर्सपॉवरचं. नवं इंजिन आखायचं म्हणजे नवे साचे, नवी यंत्रं, काही वर्षं आणि भरपूर भांडवल. त्यामुळे रूसने आहे तेच उघडलं. पिस्टन ॲल्युमिनियमचे केले, धातू सुधारले, मापं घट्ट धरली, हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या. त्याच ब्लॉकातून ४००० फेऱ्यांना ६० हॉर्सपॉवर निघू लागले. या इंजिनाचं नाव 'गो डेव्हिल'.

दोन वर्षांनी अमेरिकी सैन्याला एक छोटी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. बँटम, विलिस आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी नमुने दिले. फोर्डने आपल्या ट्रॅक्टरचं इंजिन थोडं बदलून बसवलं होतं. विलिसची गाडी वजनाला जास्त भरत होती, पण तिच्या ताकदीपुढे बाकी दोघी फिक्या पडल्या. पुढे युद्धात फोर्डनेही हजारो जीप बनवल्या त्या विलिसच्या आराखड्यावर आणि विलिसच्याच इंजिनावर. डागडुजी केलेल्या जुन्या इंजिनाने ट्रॅक्टरच्या इंजिनाला हरवलं, एवढं इथे लक्षात ठेवायचं. तीसेक वर्षांनी भारतात निकाल बरोब्बर उलटा लागला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे हा वाद दर सहा महिन्यांनी होतो: जुना कोड दुरुस्त करायचा की सगळं नव्याने लिहायचं? नव्याने लिहिण्याच्या बाजूचे लोक साधारण तरुण असतात आणि जुनं कुणी का तसं लिहिलं होतं हे त्यांना ठाऊक नसतं. नेटस्केपने आपला ब्राउझर नव्याने लिहायला घेतला, चौथ्यानंतरची पुढची मोठी आवृत्ती यायला १९९७चं २००० झालं आणि तोवर बाजार हातचा गेला. हे उदाहरण प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी देतंच. पण गाडीच्या इंजिनाबाबत मला वाटतं की आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. इंजिन किती झिजलंय यावर हा निर्णय भारतात क्वचितच झाला. तो झाला इंधनाच्या भावावर, नव्या गाडीसाठी लागणाऱ्या रांगेवर आणि आरसी बुकावर.

महिंद्रांनी मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली ती १९४७ मध्ये. पन्नाशीच्या दशकात 'सीजे-३बी' आली. तिचं बॉनेट उंच का, हे आपल्याकडे फार लोक विचारत नाहीत. विलिसने गो डेव्हिलचा खालचा भाग जवळपास तसाच ठेवला आणि हवा आत घेणारे व्हॉल्व्ह बाजूला होते ते वर, हेडमध्ये नेले. या इंजिनाचं नाव 'हरिकेन'. ताकद वाढली आणि इंजिनाची उंचीही, म्हणून १९५३ मध्ये बॉनेट उचलावं लागलं. म्हणजे तीही एक प्रकारे दुरुस्तीच होती, आणि गाडीचा चेहरा तिच्यामुळे ठरला. आपल्याकडे पुढे डिझेल आलं तरी बॉनेट उंचच राहिलं. ज्याच्यासाठी उंच केलं ते इंजिन गेलं, टोपी तेवढी उरली.

हेच हरिकेन 'एफसी-१५०' या पिकअपमध्ये होतं. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल: ड्रायव्हर इंजिनाच्या मागे नव्हे, जवळजवळ त्याच्यावरच बसतो. गाडी आखूड, हौदा लांब. अमेरिकेत ती १९५६च्या अखेरीस आली आणि फारशी खपली नाही. आपल्याकडे १९६५ मध्ये सुरू झाली आणि बाजाराच्या गावांमध्ये रुळली. इंजिन दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली. उन्हाळ्यात डाव्या पायाला भाजायचं असं जुने ड्रायव्हर सांगतात. मिस्त्री लोकांना ती आवडत नाही, कारण जीपचं बॉनेट उघडून चेनकुप्पी लावता येते, इथे आधी केबिनमध्ये शिरावं लागतं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव साधारण तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. भारतात भाव सरकार ठरवत होतं. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांची चैन, डिझेल म्हणजे एसटी, मालवाहतूक आणि शेतातलं इंजिन, अशी वाटणी होती. त्यामुळे पेट्रोलला बसलेला चटका डिझेलला तेवढा लागू दिला नाही. पेट्रोलवर भाजी वाहणाऱ्या पिकअपवाल्याचा हिशेब एका हंगामात कोलमडला. नवी डिझेल गाडी घ्यावी तर परवाने, कोटे, नोंदणी आणि वाट. चेसिस मात्र धडधाकट होती. मग हरिकेन कितीही ठणठणीत असो, ते खाली उतरवायचं.

हे नवं नव्हतं. इंग्लंडमध्ये फ्रँक पर्किन्सने १९३२ मध्ये कंपनी काढली तीच हलक्या, वेगवान डिझेल इंजिनांसाठी, आणि त्याच्या सहा सिलिंडरच्या 'पी-६'चा मोठा धंदा पेट्रोल ट्रकांना डिझेल करून देण्याचा होता. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पन्नाशीच्या दशकात पर्किन्सची इंजिनं भारतात बनवायला घेतली, आणि जुन्या अमेरिकी पेट्रोल ट्रकांच्या पोटात ती जाऊ लागली. पण जीपच्या घराण्याला घरातलंच इंजिन मिळालं. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. बी-२७५ हा तिचा ट्रॅक्टर. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. त्या ट्रॅक्टरच्या वंशातलं २३५० सीसीचं डिझेल इंजिन जीपमध्ये आणि पिकअपमध्ये आलं. १९४० मध्ये जी कल्पना फोर्डला साधली नाही, ती इथे चालली.

चालली म्हणजे काय, तेही बघू. जीपचा मागचा ॲक्सल ५.३८ चा, म्हणजे चाक एकदा फिरायला वरच्या गियरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरतं. टायर २८ इंची धरला तर ४००० फेऱ्यांना पेट्रोलची गाडी ताशी शंभराच्या घरात जाते. डिझेल २४०० वर आरामात चालवायचं ठरवलं तर तीच गाडी साठावर थांबते. शिवाय डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे सुरू होताना केबिन हादरते, इंजिनाची माउंटिंग तुटतात, पुढच्या पाट्यांवर वजन येतं. स्टार्टर आणि बॅटरी मोठी लागते. आज कुणी तरुण हौशी माणूस हे ऐकून नाक मुरडेल. पण ताशी साठच्या वर जायला रस्ता तरी कुठे होता? लोकांनी वेग दिला आणि लिटरमागे किलोमीटर घेतले. मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो. ऐंशीच्या दशकात महिंद्रांनी प्यूजोच्या परवान्याचं 'एक्सडीपी ४.९०' आणलं (चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०, एकूण २११२ सीसी). ते जास्त सभ्य होतं, पण खेड्यातल्या मिस्त्रीचा जीव ट्रॅक्टरच्या इंजिनावरच राहिला.

तासगावजवळ माझे चुलते, आप्पा, यांच्याकडे असा एक एफसी आहे. पेट्रोलचा घेतलेला, नंतर ट्रॅक्टरचं डिझेल बसवून तशी आरसीवर नोंद करून घेतलेला. द्राक्षाच्या हंगामात तो अजून क्रेट वाहतो. यंदा तो निळा धूर मारतोय, ऑइल खातोय आणि भरणीची टोपी काढली की फसफस बॅक मारतोय. चुलतभावाचं म्हणणं, भंगारात घाला आणि कर्जावर नवा पिकअप घ्या. आप्पांचा कर्जाला नकार आहे. गेल्या दोन हंगामांच्या अवकाळीने त्यांना तो शिकवलाय. तिसरा पर्याय पुतण्याच्या एका मित्राने सुचवला: अपघातातल्या बोलेरोचं इंजिन बसवा. आप्पांनी मला फोन करून विचारलं, "तू इंजिनियर हाईस न्हवं, मग सांग की."

बोलेरोचा प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या वाईट नाही. अडतं कागदावर. आरसीवर चेसिस नंबरासोबत इंजिन नंबरही असतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मालकाला मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी करायला मनाई करतं. २००० सालच्या दुरुस्तीने ते आणखी आवळलं. किट बसवून इंधन बदलण्याला अटींसह वाट आहे. राज्य सरकारने अधिकार दिला तर दहा किंवा जास्त वाहतूक गाड्यांच्या मालकाला इंजिन आधी मंजुरी न घेता बदलता येतं, पण तेही त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशील बदलता येणार नाहीत असंच म्हटलं. सत्तरच्या दशकात जे गावोगाव होत होतं ते आज पासिंगला अडेल. आणि जिच्यासाठी ते होत होतं ती भावातली दरीही बुजत आली: पेट्रोलचे भाव २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. इंजिन बदलण्यामागची दोन्ही कारणं, स्वस्त डिझेल आणि सैल कागद, संपली. म्हणून हिशेब फिरून बांधण्यापाशी येतो.

बांधणं म्हणजे नुसतं रिंग-पिस्टन टाकणं नव्हे. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग वळते, तिथे सर्वांत जास्त. शिवाय पिस्टन कडेला रेटतो म्हणून गोलाचा अंडाकार होतो. अशा सिलिंडरात नवी रिंग टाकली तर ती कधी आवळते, कधी सैल पडते आणि सहा महिन्यांत धूर परत येतो. म्हणून बोअर करायचा: दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ, म्हणजे इंचाचे हजारांश, आणि त्या मापाचे पिस्टन. सिलिंडरला निदान परतीची वाट आहे; नवी स्लीव्ह ठोकली की माप पुन्हा स्टँडर्डवर येतं. क्रँकला ती वाट नाही. दर ग्राइंडिंगला तो बारीक होतो आणि बेअरिंग तेवढं जाड घ्यावं लागतं. सांगलीचे मिस्त्री कॉलेजात गेलेले नाहीत, पण मी चार वर्षं अभियांत्रिकी शिकून जे गणितात पाहिलं ते त्यांच्या अंगठ्याला कळतं. सिलिंडरात अंगठा फिरवून त्यांनी वरची कडा सांगितली. डायल गेज नंतर लावला, तोही बहुधा माझ्या समाधानासाठी.

"बोअरचं काय नाय आप्पा, स्लीव्ह घालू," ते म्हणाले. "पैलं क्रँक बघू द्या."

हा खर्च नव्या पिकअपच्या डाउन पेमेंटहून बराच कमी आहे. ट्रॅक्टरच्या वंशातलं इंजिन असल्याने बरेचसे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात. हरिकेन असतं तर कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांतून फिरावं लागलं असतं. ते हरिकेन अजून गोठ्याच्या मागे पोत्याखाली आहे. चुलतभाऊ ते विकायला निघाला होता. जुन्या जीप मूळ रूपात आणणारे हौशी लोक त्याला बरे पैसे देतात. आप्पा म्हणाले, आधी गाडी चालू दे.

क्रँक आता सांगलीला ग्राइंडिंगला गेलाय. मागच्या वेळी तो वीसवर केलेला, तसा शिक्का बेअरिंगच्या पाठीवर निघाला. तीसवर साफ आला आणि कुठे तडा नसला तर इंजिन बांधायचं, क्रेट लावायच्या आत. तडा निघाला तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन शोधायचं. मिस्त्रींनी त्यासाठी दोन गावांत निरोप ठेवलेत.