चित्र लिहिणाऱ्या बायका

आज जरा रंगांविषयी आणि शाईविषयी बोलू. पण सुरुवात आमच्या फजितीपासून करावी लागेल.

मागच्या दिवाळीआधी आमच्या गटाने शुभेच्छापत्रं करायची ठरवली. रंग विकत आणायचे नाहीत, घरातल्याच वस्तूंपासून रंगीत शाई करायची आणि आपल्या शिवारातली पानं-फुलं काढायची. हळदीची पिवळी शाई झाली, बिटाची गुलाबी झाली, पालकाची हिरवी झाली. झेंडू काढला, ज्वारीचं कणीस काढलं, एकीने सुगरणीचा खोपा काढला तो तर सगळ्यांनी उचलून धरला. तालुक्याच्या प्रदर्शनात आम्ही ती पत्रं दोरीला टांगली, दिवसभर उन्हात. तिसऱ्या दिवशी झेंडू पांढरा पडला. बिटाचं फूल मातकट तपकिरी झालं. आदल्या दिवशी घेऊन गेलेल्या एक बाई पाच पत्रं परत घेऊन आल्या. आम्ही मुकाट्याने पैसे दिले. खोप्याच्या मात्र काड्या न् काड्या शाबूत होत्या, कारण त्या चिमणीच्या काजळीने काढल्या होत्या.

तेव्हा आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, "आपल्या आधी कुणी बायकांनी हे करून पाहिलंच नसेल का?" त्या प्रश्नामागे लागून आम्ही पुस्तकं मागवली, जाणकारांना विचारलं आणि पोचलो थेट बिहारात, मधुबनीला.

मधुबनी जिल्हा उत्तर बिहारमध्ये, नेपाळच्या सीमेजवळ. तो सगळा मुलूख म्हणजे मिथिला. तळ्यांचा, माशांचा, मखाण्यांचा प्रदेश. तिथे लग्न ठरलं की नवरा-नवरीच्या खोलीची भिंत घरच्या बायका रंगवतात. त्या खोलीला आणि त्या चित्रालाही कोहबर म्हणतात. त्यात कमळाची पानं, बांबूचं बेट, मासे, कासव, पोपट, नाग, सूर्य आणि चंद्र असतात. सगळं तळ्याकाठचं आणि अंगणातलं, आणि सगळं वंशवाढीच्या आशेने काढलेलं. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही ही आमची अडचण आहेच, पण एवढं डोळ्यांसमोर आणा की भिंतीवर बोटभर जागा रिकामी सोडलेली नाही. जिथे काही नाही तिथे पान आहे, पान नाही तिथे फूल.

आणि या बायका चित्र "काढलं" म्हणत नाहीत, कोहबर "लिहिलं" म्हणतात. हे ऐकून आम्हाला गंमत वाटली, कारण आपल्या डहाणू-तलासरीकडच्या वारली बायकाही लग्नाचा चौक लिहितात, काढत नाहीत. कितीतरी बायकांना अक्षर लिहायला कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी हे लिहिणं सांभाळलं.

भिंतीवरचे रंग घरचेच असत. दिव्याच्या काजळीचा काळा, तांदळाच्या पिठाचा पांढरा, हळदीचा पिवळा, करडईच्या फुलांचा तांबडा, पळसाचा केशरी, बेलाच्या पानांचा हिरवा, निळीचा निळा. रंग धरून ठेवायला डिंक, कधी बकरीचं दूध. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाला कापूस किंवा चिंधी गुंडाळलेली. रंग उडण्याची भीती कुणाला नव्हती. पुढचं लग्न निघालं की भिंत सारवायची आणि नवं चित्र लिहायचं.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. घरं कोसळली, आतल्या भिंती उघड्यावर आल्या. विल्यम आर्चर नावाचे इंग्रज अधिकारी नुकसान पाहत फिरत होते, त्यांना पडक्या भिंतींवर ही चित्रं दिसली. त्यांनी फोटो काढले आणि १९४९ साली 'मार्ग' या मुंबईच्या कलाविषयक नियतकालिकात लेख लिहिला. पुष्कळ ठिकाणी असं छापलेलं असतं की आर्चर साहेबांनी मधुबनी कला शोधली. बायका शेकडो लग्नांत जे करत आल्या ते कुणी शोधायचं काय राहिलं होतं? साहेबांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं, एवढं मात्र खरं, आणि ते मोलाचंच आहे.

खरी उलथापालथ झाली १९६६-६७ च्या दुष्काळात. शेतीला काम नाही, घरात दाणा नाही. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळावर पुपुल जयकर होत्या. त्यांनी मुंबईच्या एका चित्रकाराला मधुबनीला पाठवलं. त्यांचं नाव भास्कर कुलकर्णी, आपला मराठी माणूस. हाती बनवलेला जाड कागद घेऊन ते जितवारपूर, रांटी अशा गावांत फिरले. भिंतीवर जे लिहिता ते कागदावर लिहा, सरकार विकत घेईल, असं त्यांचं सांगणं होतं. आधी थोड्याच बायका पुढे आल्या. देवाधर्माची चित्रं बाजारात कशी विकायची, परक्या पुरुषासमोर कसं जायचं, हे प्रश्न होतेच. पण चूल पेटत नव्हती.

भिंत सोडून कागदावर आल्यावर काय बदललं, हे आमच्या प्रदर्शनातल्या झेंडूमुळे आम्हाला नीट कळलं. भिंतीवरचं चित्र घरच्यांसाठी असतं, चार महिन्यांनी फिकं झालं तर कुणी पैसे परत मागत नाही. कागदावरचं चित्र दिल्लीत कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाऊन वर्षानुवर्षं टिकायचं असतं. शिवाय मातीची भिंत रंग पिऊन घेते, कागदावर तोच रंग पसरतो, नाहीतर वाळल्यावर पोपडा होऊन सुटतो. म्हणजे जुनं कसब तेच, पण शाई आणि रंग नव्याने करून पाहणं भागच होतं.

इथे प्रत्येकीने आपापली वाट काढली. जितवारपूरच्या सीता देवी ब्राह्मण घरातल्या. त्यांच्याकडे भरनीची पद्धत होती. काळी बाह्यरेषा काढायची आणि आतली जागा सपाट, ठसठशीत रंगाने भरायची. बाजारातल्या पुड्यांचे भडक रंगही या पद्धतीने आपलेसे केले. कायस्थ घरांतल्या बायकांची पद्धत कचनीची, म्हणजे बारीक रेषांची. रंग भरायचाच नाही. माशाचं अंग, मोराचं पीस, बांबूचं पेर सगळं काळ्या आणि तांबड्या शाईच्या केसासारख्या रेषांनी विणायचं. कायस्थ पुरुष पिढीजात लेखणीचं काम करणारे, तेव्हा दौत आणि टाक घरातच. या घरांतून लग्नाचं कुंकू कागदात बांधून पाठवतात आणि त्या कागदावरही बायका कोहबर लिहितात. त्यामुळे कागदावर शाईची रेघ कशी ओढायची हे त्यांच्या बोटांत आधीपासून असावं, असं आम्हाला वाटतं.

कचनीत सगळ्यात मोठं नाव गंगा देवींचं. जन्म १९२८ चा. मूलबाळ राहिलं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली आणि यांचे स्वतःच्याच घरात हाल झाले. कागद आला तेव्हा तोच त्यांचा पोटापाण्याचा आधार झाला. बोरूच्या जागी टाकाचं बारीक निब आलं आणि त्यांची रेषा आणखी बारीक झाली. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे भारत महोत्सवासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथला जत्रेतला वरखाली धावणारा झोपाळा पाहिला आणि मिथिलेच्याच रेषेत कागदावर उतरवला. कर्करोग झाला तेव्हा दवाखाना, आगगाडी, उपचार असं आपलं आजारपणही त्यांनी चित्रांत लिहिलं. त्याच काळात दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक अख्खं कोहबर घर रंगवलं. १९९१ ला त्या गेल्या. ती भिंत २०१५ च्या सुमारास नूतनीकरणात नाहीशी झाली. कागद राहिले.

आता जातीचं बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुरुवातीचा कागद बहुतेक ब्राह्मण-कायस्थ घरांतच पोचला होता. दलित वस्तीतल्या बायकांच्या घरात रामायण-कृष्णाची ती चित्रं नव्हती. मग कागदावर लिहायचं काय? १९७० च्या दशकात एरिका मोझर नावाच्या जर्मन अभ्यासक बाई तिथे येत होत्या. तुमच्याकडे जे आहे तेच काढा, असं त्यांनी सुचवलं. या बायकांकडे होतं गोंदण. हातापायांवर गोंदलेली फुलं, झाडं, प्राणी. दुसाध समाजातल्या चानो देवींनी आणि इतरांनी गोंदणाचे तेच आकार काजळीच्या शाईने कागदावर ओळीओळीने, वर्तुळात मांडले. आणि जमुना देवींनी एक साधी, पण कुणालाच न सुचलेली गोष्ट केली. कागदावर शेणाच्या पातळ पाण्याचा हात फिरवला. कागद आपल्या सारवलेल्या भिंतीसारखा पिवळसर-तपकिरी झाला, त्यावर काळी शाई उठून दिसू लागली. पुढे वरच्या जातींच्या चित्रकारांनीही शेणाचा हात दिलेला कागद वापरायला घेतला. सारवणं हे ज्यांचं रोजचं काम, त्यांचीच ही युक्ती.

दुलारी देवी मल्लाह समाजातल्या, म्हणजे कोळ्यांच्या. महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी या नावाजलेल्या चित्रकारांच्या घरी त्या धुणीभांडी करत. काम करता करता बघून आणि मग त्यांच्याच हाताखाली शिकल्या. २०२१ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली.

सगळं गोड झालं असं समजू नका. मागणी वाढली तसे दलाल आले. थोडक्या पैशांत, घाईने, एकसारखी चित्रं करून घेऊ लागले. ज्या रेषेला दहा दिवस लागत ती एका दिवसात कशी यायची? हे आपल्याकडच्या गोधड्यांच्या आणि पापडांच्या धंद्यातही आपण पाहतोच, त्यामुळे लांबण लावत नाही.

पण एक गोष्ट आम्हाला खटकली आणि ती आपल्याच राज्यातली आहे. हेच भास्कर कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूजवळच्या गंजाड भागात आले. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात, धवलेरी गाणी म्हणते. हे काम बायकांचंच. तिथेही कागद आला, पांढरा रंग आला. आणि सगळ्यांत पुढे गेले जिव्या सोमा मशे. ते मोठे कलावंत होते यात वाद नाही. चौकाच्या चौकटीबाहेर पडून त्यांनी शेतं, मुंग्या, मासेमारीची जाळी, तारप्याचा नाच असं सगळं जगणं चितारलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांचा मान त्यांना द्यायलाच हवा. पण त्यांच्यानंतर या कामात पुरुषच जास्त उतरले. मिथिलेच्या चित्रकार म्हणून गंगा देवी, सीता देवी, जगदंबा देवी, बउआ देवी अशी कितीतरी बायकांची नावं लागतात. वारली चित्र म्हटल्यावर एखाद्या बाईचं नाव आठवतं का? आम्हाला आठवलं नाही, विचारलं त्यांनाही आठवलं नाही. माणूस तोच, कागद तोच. मिथिलेत तो दुष्काळात बायकांच्या हातात गेला आणि बदल्यात आलेले पैसेही त्यांच्याच हातात आले, हे एक कारण असेल. वारल्यांच्या चौकाखाली कुणा सुवासिनीने कधी नाव लिहिलं नव्हतं, हे दुसरं असेल.

आता परत आमच्या शाईकडे. यावर्षी आम्ही शहाण्या झालो. तेलाच्या दिव्यावर ताटली पालथी धरून काजळी जमवली. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात ती खलात घोटली. घाई केली तर गुठळ्या राहतात आणि टाक अडकतो, म्हणून तासभर तरी घोटायचीच. ही शाई उन्हाला भीत नाही. तांबड्यासाठी गेरू कुटून, वस्त्रगाळ करून डिंकात कालवला. गेरूही उडत नाही, माती आहे ती. हिरड्याच्या पाण्यात गंजकं लोखंड टाकून काळी शाई केली, ती सुंदर झाली, पण तशी शाई काही वर्षांनी कागद खाते असं कळल्यावर ती फक्त सरावाला ठेवली. निळीचा निळा चांगला टिकला. हळद मात्र आम्ही सोडून दिली. चुना लावून तिचं कुंकू केलं तरी उन्हात तिचा रंग जातोच. पिवळ्यासाठी सध्या नदीकाठची पिवळी माती चाळून पाहतोय. बैठा आला तर पुढच्या वेळी सांगू.

कागदाला शेणाचा हातही देऊन पाहिला. पहिल्या वेळी शेण घट्ट झालं आणि कागद वाळल्यावर पापडासारखा वळला. मग पातळ करून दोनदा गाळलं, तेव्हा जमलं. त्यावर काजळीची रेघ काय दिसते म्हणून सांगू!

खोपा काढणारी आमची मैत्रीण यावर्षी दहा पत्रं करतेय. दहाच. मागच्या बाजूला कोपऱ्यात काय लिहायचं यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. गटाचं नाव, गावाचं नाव, किंमत. ती म्हणाली, माझंही लिहा. मग आम्ही टाक तिच्याच हातात दिला.