हाक कुणाची?

कचेरीतून रजा काढून एकदा पोळ्याला सौंसरच्या स्नेह्यांकडे गेलो होतो. शेजारच्या पांढुर्ण्यात दुसऱ्या दिवशी गोटमार. हा मुलूख मध्य प्रदेशातला, पण घरातले बोलणे मराठी. स्नेह्यांनी गोठ्यात नाव घेताच बैलाने मान वळवली. तीच हाक मी मारली, तर ढुंकूनही पाहिले नाही! घरात मात्र टीव्हीवर कुणी नाव उच्चारले आणि आवाजावर चालणारा डबा आपणहून बोलू लागला.

ही खोड जुनीच. १९२० च्या दशकात अमेरिकेत 'रेडिओ रेक्स' नावाचे खेळणे होते. 'रेक्स' म्हटले की कुत्रा खोपटातून उडी मारी. पण तो शब्द ओळखत नसे. सुमारे ५०० हर्ट्झचा कुठलाही जोरदार आवाज त्याला पुरे. २०१७ साली तर बर्गर किंगच्या जाहिरातीने 'ओके गूगल' म्हणत लोकांच्या घरची यंत्रे जागी केली.

उपाय सोपे आहेत. शक्य तिथे हाकेचे नाव बदलून घरात सहसा न येणारे ठेवावे. डबा टीव्हीपासून दूर असावा. काम नसेल तेव्हा माइक बंद करावा. कारण चुकून जागे झालेले यंत्र आपले घरगुती बोलणे कंपनीकडे पाठवू शकते.

बैल हाक मारणारा ओळखतो. डबा नुसत्या नावाला भुलतो. म्हणून, वाचकहो, राखण आपणच करायची.