घाटाखालचं शहर : अलिबाग आणि त्याच्या आळ्या

मंडळी, कुरवंड्यात बसून समुद्राकाठच्या शहराविषयी बोलायचं, हे जरा विचित्र वाटेल. पण नागफणीवर उभं राहिलं की खाली कोकण पसरलेलं दिसतं. इथून उतरणारा कुरवंडे घाट ही बंदरांकडे जाणारी जुनी वाट. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान याच वाटेनं कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठलं. ती लढाई आपल्याला पाठ असते. पण घाट कोणत्या गावांना जोडत होता, ते मात्र आपण विचारत नाही. आज आम्ही त्यातल्या एकाच गावाबद्दल बोलणार आहोत : अलिबाग.

पूर्वी मोठं नाव चौलचं. टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख आहे, पंधराव्या शतकात रशियन प्रवासी निकितीन तिथं उतरून जुन्नरला गेला. अलिबाग त्या मानानं धाकटं. १६८० साली महाराजांनी समोरच्या खडकावर कुलाबा किल्ल्याचं काम सुरू केलं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात किनाऱ्यावर शहर आकाराला आलं. १७२० साली त्यांनी किनाऱ्यावर हिराकोट बांधला. दुसऱ्याच वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, आणि हात हलवत परत गेले.

आता आपल्या भागाचा संबंध पाहा. लोहगड कान्होजींनी घेतला होता, शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेत होते. तेव्हा बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला निघाले, आणि १७१४ साली जो समझोता झाला तो इतिहासात लोणावळ्याचा तह म्हणून ओळखला जातो. म्हणजे समुद्राचा कारभार कुणी पाहायचा, हे इथं घाटमाथ्यावर ठरलं!

गावाच्या नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अली नावाच्या एका धनिकानं इथं विहिरी खणल्या, बागा लावल्या, म्हणून अलिबाग. कुणी त्याला मुसलमान सांगतात, कुणी बेने इस्रायली. वाद मिटवायची घाई नको. दोन समाजांना तो आपला वाटतो, ही गोष्टच त्या गावाबद्दल बरंच सांगते.

बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी. त्यांचे पूर्वज जहाज फुटून जवळच्या नवगावला लागले, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. अलिबागेत त्यांची इस्रायल आळी आहे, प्रार्थनामंदिर आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. माणसं गेली, आळीचं नाव राहिलं. तसाच कोळीवाडा, तसंच रामनाथ. शहर समजून घ्यायचं तर किनाऱ्याच्या आधी या वस्त्यांमधून चालावं लागतं.

इंग्रजांनी १८४० साली आंग्र्यांचं संस्थान खालसा केलं. अलिबाग कचेऱ्यांचं गाव झालं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं ते काम १९०४ साली इथं आणलं. इकडे घाटमाथ्यावर काय झालं? १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे आली, आणि कुरवंड्याची वाट ओस पडली. एका गावाला शांतता आहे म्हणून काम मिळालं, दुसऱ्याच्या वाट्याला नुसती शांतता आली.

आणि जमीन? अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो सुमारे सहा वर्षं चालला. शेतं पडीक ठेवली, हाल सोसले, पण मागे हटले नाहीत. कसेल त्याची जमीन, हे त्या भागानं उपाशी राहून मागितलेलं आहे. आज त्याच तालुक्यात वाड्या विकून बंगले उभे राहतात. मांडव्याला २०२० पासून मुंबईची गाडी बोटीत बसूनच येते.

आम्ही विकणाऱ्याला दोष देत नाही. मुलांची शिक्षणं, आजारपणं, अडचणी प्रत्येक घरात असतात. आणि हे अलिबागचंच नाही, कुरवंड्याच्या रस्त्यावरही तेच चाललंय. पण सातबाऱ्यावर गट नंबर असतो. शेताचं, विहिरीचं, पाणंदीचं नाव माणसांच्या तोंडी असतं. जमीन घेणारा ते नाव विचारत नाही, म्हणून ते पुढे जात नाही.

तेव्हा एवढंच सांगणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : या माळाला काय म्हणायचे, खाली बाजाराला कुठल्या वाटेनं जायचे, तिकडून काय घेऊन यायचे? उत्तरं वहीत लिहून ठेवा, खाली तारीख घाला. तह आणि लढाया कागदोपत्री शिल्लक आहेत. ही नावं मात्र आपण आता लिहिली नाहीत, तर पुढं विचारायला कुणी उरणार नाही.