पदवीची किंमत आणि बुडणारा रोज

कॉलेजचे शिक्षण मजुराला परवडते काय, असे विचारले की आपण फीचा हिशेब मांडतो. तो अपुरा आहे. हातावर पोट असलेल्या घरात फीपेक्षा मोठा खर्च बुडणाऱ्या रोजाचा असतो. कमावता मुलगा चार वर्षे वर्गात बसला, तर घरात चार वर्षांचा पगार येत नाही.

मग मजुरीतच वर चढावे, तर तीही वाट बंद होती. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगाराला जादा पगाराच्या विणकाम खात्यात मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न वेशीवर टांगला. गिरणीत कसबाची किंमत जात ठरवीत होती.

उरली वाट सरकारी नोकरीची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के, म्हणजे बारांत एक जागा राखली गेली. १९४६ साली हे प्रमाण १२.५ टक्के झाले. पण राखलेली जागा भरायला शिकलेला माणूस हवा. म्हणून १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले.

या कॉलेजचे वर्ग सकाळी भरत. सकाळी वर्ग, मग कचेरी. वेळापत्रकातील हा बदल साधा दिसतो. पण शिक्षणाचा सर्वांत मोठा खर्च, बुडणारा रोज, त्यानेच वाचवला. कारकुनी करणारा तरुण पगार न सोडता पदवीधर होऊ लागला.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तो कधी रीतसर मिटलाच नाही. हजारो कामगार कायमचे बाहेर फेकले गेले. ज्या घरात एखादी पदवी आणि तिच्यामागे कायम नोकरी होती, त्या घराची चूल विझली नाही.

इतिहासाचा धडा एवढाच की, पदवी एकटी पोट भरत नाही. शिष्यवृत्ती, सोयीची वेळ आणि हक्काची जागा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच तिला मोल आले. आज कायम जागांवर कंत्राटी माणसे घेतली जातात आणि कंत्राटाला आरक्षण क्वचितच लागू होते. अशा वेळी ‘शिका’ एवढेच सांगून भागणार नाही. शिकलेल्यासाठी जागा शाबूत ठेवण्याची लढाईही आपल्यालाच लढावी लागेल.