स्कोअरकार्ड आणि मुखपृष्ठ : महिला गोल्फमधील एका जुन्या वादाची कुळकथा

१/ १९४९ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात महिलांची यूएस ओपन स्पर्धा झाली. जॉर्जियाच्या लुईस सग्जने ती १४ फटके राखून जिंकली. गोल्फमध्ये एखाद-दुसऱ्या फटक्याने विजेतेपद हुकते, हे लक्षात घेतले तर हा फरक किती प्रचंड होता ते कळेल. दुसऱ्या क्रमांकावर होती बेब झहारियस, त्या काळातील अमेरिकेची सर्वांत विख्यात महिला खेळाडू. जिंकली सग्ज, पण जनमानसात ठसले ते नाव बेबचे. गुणवत्ता आणि प्रसिद्धी यांची ही फारकत महिला व्यावसायिक गोल्फच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. आजचा धागा तिच्याविषयी.

२/ या वादासाठी गोल्फ हा विलक्षण खेळ आहे. येथे कुणा परीक्षकाच्या अभिरुचीवर गुण अवलंबून नसतात. चेंडू खळग्यात जाईपर्यंत किती फटके लागले, एवढाच हिशेब. कमी फटके, वरचा क्रमांक. मग प्रसिद्धीला येथे वाव कोठून मिळतो? उत्तर सोपे आहे. कोण जिंकले ते स्कोअरकार्ड सांगते. पण स्पर्धा मुळात भरेल की नाही, बक्षिसाची रक्कम किती असेल आणि प्रेक्षक कोणासाठी येतील, हे स्कोअरकार्ड ठरवीत नाही. ते ठरवतो पैसा, आणि पैसा प्रसिद्धीच्या मागून चालतो.

३/ १९४४ साली होप सेन्यस, बेटी हिक्स आणि एलन ग्रिफिन यांनी महिला व्यावसायिक गोल्फपटूंची पहिली संघटना उभी केली. १९४६ मध्ये याच संघटनेच्या पुढाकाराने वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे महिलांची पहिली यूएस ओपन झाली. पॅटी बर्गने अंतिम सामन्यात बेटी जेमिसनला हरवले आणि बक्षीस म्हणून तिला युद्धरोखे मिळाले. खेळाडू होत्या, कौशल्य होते, जिद्दही होती. नव्हता तो नियमित पैसा. काही वर्षांतच ही संघटना मावळली. केवळ गुणवत्तेच्या बळावर व्यावसायिक खेळ तग धरू शकत नाही, हा धडा त्या पिढीने फार लवकर घेतला.

४/ येथे बेबचा प्रवेश होतो. मिल्ड्रेड ‘बेब’ डिड्रिक्सन ही टेक्सासची. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भालाफेक आणि ८० मीटर अडथळा शर्यतीत सुवर्ण, उंच उडीत रौप्य. त्यानंतर उपजीविकेसाठी तिने रंगमंचावर कार्यक्रम केले, पुरुषांच्या बेसबॉल संघाबरोबर गावोगाव हिंडून प्रदर्शनी सामने खेळले. १९३५ मध्ये तिला हौशी गोल्फपटू मानण्यास अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने नकार दिला. तो दर्जा तिला १९४३ मध्ये परत मिळाला. १९४७ मध्ये ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन ठरली. १९३८ मध्ये तिने कुस्तीगीर जॉर्ज झहारियसशी विवाह केला होता. गर्दीला काय हवे असते याचे शिक्षण या दांपत्याला आखाड्यात आणि रंगमंचावरच मिळाले होते.

५/ १९५० साली १३ महिलांनी एलपीजीए स्थापन केली. पॅटी बर्ग पहिली अध्यक्ष. सग्ज आणि बेब दोघीही संस्थापकांत होत्या. क्रीडासाहित्य बनवणाऱ्या विल्सन कंपनीने पाठबळ दिले आणि स्पर्धांचा व्यवस्थापक म्हणून आला फ्रेड कॉर्कोरन. हा बेबचाही प्रतिनिधी होता. म्हणजे संघटनेचा प्रचारक आणि तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध खेळाडूचा व्यवसाय पाहणारा माणूस एकच. प्रसिद्धी आणि गुणवत्तेचा वाद या संघटनेच्या पाळण्यातच झोपलेला होता, असे म्हणावे लागते.

६/ बाकीच्या खेळाडूंचे जीवन कसे होते? मोटारींचा ताफा करून एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे, मैदानाची आखणी करायची, नियमांचे तंटे सोडवायचे, बक्षिसांचे धनादेशही स्वतःच लिहायचे. शिवाय जाहिरातही करायची. मॅरिलिन स्मिथसारख्या खेळाडू बेसबॉलच्या मैदानावर सामन्यापूर्वी चेंडू टोलवून दाखवीत आणि प्रेक्षकांना गोल्फ पाहायला या म्हणून विनवीत. प्रसिद्धी म्हणजे केवळ मिरवणे, असा आपला समज असतो. या स्त्रियांसाठी ती रोजची मजुरी होती.

७/ सग्जला बेबचा स्वभाव आणि तिला मिळणारे झुकते माप कधीच रुचले नाही. तिच्या तक्रारीत तथ्य होते. तिच्या नावावर ११ प्रमुख विजेतेपदे आहेत, बेबच्या १०. व्यावसायिक दौऱ्यावरील एकूण विजय सग्जचे ६१, बेबचे ४१. १९६१ मध्ये फ्लोरिडातील एका स्पर्धेत तिने सॅम स्नीडसारख्या पुरुष दिग्गजालाही मागे टाकले. अर्थात बेबची कारकीर्द आजाराने अकाली संपली, हे आकडे वाचताना विसरता येणार नाही. सग्ज मितभाषी, शिस्तशीर, फटक्यात अचूक. वार्ताहराला मथळा देणे तिच्या प्रकृतीत नव्हते. तथापि ज्या दौऱ्यावर तिने हे विजय मिळवले, त्याच्या तिकीटखिडकीवर लोक बेबच्या नावाने येत होते, हेही तितकेच खरे.

८/ पुढे या कथेला अनपेक्षित वळण मिळते. १९५३ मध्ये बेबला आतड्याचा कर्करोग झाला. त्या काळी या रोगाचे नावही लोक दबक्या आवाजात घेत. बेबने मात्र तो लपवला नाही. १९५४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर सव्वा वर्षात, तिने मॅसॅच्युसेट्समध्ये यूएस ओपन १२ फटक्यांनी जिंकली. १९५६ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी ती गेली. आयुष्यभर कमावलेली प्रसिद्धी तिने अखेरीस एका निषिद्ध विषयावर उघडपणे बोलण्यासाठी खर्च केली. ‘प्रसिद्धीलोलुप’ हा शिक्का तिच्यावर मारणाऱ्याने हे प्रकरणही वाचले पाहिजे.

९/ पण प्रसिद्धी सर्वांना सारखी फळते का? अल्थिया गिब्सन पाहा. १९५७ आणि १९५८ ची विम्बल्डन विजेती, जगभर गाजलेले नाव. १९६४ मध्ये ती एलपीजीए दौऱ्यावर उतरली, तेथील पहिली कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून. काही क्लबांनी तिला क्लबहाउसमध्ये पाऊल ठेवू दिले नाही. बूटही मोटारीत बदलावे लागले. नाव सर्वांना ठाऊक होते, पण ते नाव विकत घेणारा बाजार नव्हता. म्हणजे प्रसिद्धीची किंमत प्रसिद्ध व्यक्ती ठरवीत नाही. ती ठरवणारा समाज आपले पूर्वग्रह बरोबर घेऊनच बाजारात येतो.

१०/ १९७२ मध्ये कोलगेट-पामोलिव्ह कंपनीने गायिका डायना शोर हिच्या नावाने कॅलिफोर्नियात स्पर्धा सुरू केली. बक्षीसरक्कम १,१०,००० डॉलर, महिला गोल्फसाठी अपूर्व. पहिली विजेती जेन ब्लॅलॉक. मात्र त्याच वर्षी, हिरवळीवर चेंडूची खूण करताना तो पुढे सरकवल्याच्या आरोपावरून तिला अपात्र ठरवून वर्षभरासाठी निलंबित केले गेले. तिने आरोप नाकारला आणि न्यायालयात धाव घेतली. १९७३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. आरोप खरा की खोटा, हा निकालाचा विषय नव्हता. निलंबनाचा निर्णय घेणाऱ्या मंडळात तिच्याच प्रतिस्पर्धी खेळाडू होत्या आणि ती बाजूला झाल्यास त्यांचा आर्थिक लाभ होता. स्पर्धाविषयक कायद्याला हे मान्य नव्हते.

११/ या खटल्याने एक गोष्ट उघड केली. खेळाडूंनी खेळाडूंसाठी चालवलेली घरगुती संघटना आता पुरेशी नव्हती. १९७५ मध्ये रे व्होल्पी एलपीजीएचा पहिला आयुक्त झाला. तो आला होता आइस हॉकीच्या व्यावसायिक संघटनेच्या विपणन विभागातून. सात वर्षांत त्याने बक्षीसरक्कम तिपटीहून अधिक वाढवली. त्याच्या धोरणाचा एक भाग होता खेळाडूंच्या सौंदर्याची जाहिरात, आणि त्या जाहिरातीचा चेहरा होती ऑस्ट्रेलियाची जॅन स्टीफन्सन. ती १९७४ ची सर्वोत्तम नवोदित खेळाडू होती. १९७७ मध्ये एका क्रीडा मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. चर्चा मात्र तिच्या खेळाची न होता तिच्या पोशाखाची झाली.

१२/ १९८१ मध्ये संघटनेच्याच ‘फेअरवे’ या प्रकाशनात स्टीफन्सनचे पलंगावरील मादक छायाचित्र छापले गेले. ब्लॅलॉकने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून त्यावर कडाडून टीका केली. तिचा आशय असा की, आमच्या खेळातच पुरेसे आकर्षण असताना संघटनेला असल्या छायाचित्रांचा आधार का घ्यावा लागतो? समर्थकांचे म्हणणे होते की, वर्तमानपत्रात जागाच मिळत नसेल तर खेळ दिसणार कोणाला?

१३/ हा वाद बहुधा ‘गुणवान ब्लॅलॉक विरुद्ध रूपवान स्टीफन्सन’ असा मांडला जातो. तो तसा नाही. १९८१ मध्ये कॅनडातील पीटर जॅक्सन क्लासिक, १९८२ मध्ये एलपीजीए अजिंक्यपद, १९८३ मध्ये यूएस ओपन. अशी तीन प्रमुख विजेतेपदे स्टीफन्सनने लागोपाठच्या तीन वर्षांत मिळवली. गोल्फच्या जागतिक सन्मान दालनात तिला स्थान मिळाले ते २०१९ मध्ये. छायाचित्रांनी तिला प्रकाश दिला खरा, पण त्याच प्रकाशात तिचे खेळातील कर्तृत्व धूसर झाले. प्रसिद्धी गुणवत्तेची उणीव भरून काढते असे आपण मानतो. येथे तर ती गुणवत्तेतून वजा झाली.

१४/ ब्लॅलॉकच्या बाबतीत तर याहून बोचरा विरोधाभास आहे. २७ विजय आणि सलग २९९ स्पर्धांत अंतिम फेऱ्यांसाठी पात्र ठरण्याचा विक्रम तिच्या नावे आहे. तरीही अधिकृत प्रमुख विजेतेपद एकही नाही. कारण डायना शोर स्पर्धेला ‘प्रमुख’ हा दर्जा १९८३ मध्ये मिळाला आणि त्यापूर्वीचे विजय त्यात धरले जात नाहीत. फटके तेच, मैदान तेच, पण मोजपट्टी नंतर बदलली. गुणवत्तेचे मापसुद्धा संस्था ठरवतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

१५/ मग दोन्हींचा मेळ कधी बसला? १९७८ मध्ये. न्यू मेक्सिकोत वाढलेली, मेक्सिकन वंशाची नॅन्सी लोपेझ. पूर्ण हंगामाच्या पहिल्याच वर्षी ९ विजय, त्यांतील ५ सलग खेळलेल्या स्पर्धांत. गर्दी लोटली, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले, आणि ते तिच्या खेळासाठी आले. लक्षात घ्या, हे स्टीफन्सनच्या वादग्रस्त छायाचित्राच्या तीन वर्षे आधीचे. खेळ स्वतःच लोकांना खेचू शकतो, याचा पुरावा संघटनेसमोर होता. तरी पुढे तिने दुसरा मार्गही चोखाळला.

१६/ शेवटचा प्रसंग २००८ चा. दक्षिण कोरियाच्या सी री पाकने १९९८ मध्ये दोन प्रमुख स्पर्धा जिंकल्यानंतर तिच्या देशातील मुलींची एक पिढीच या खेळात उतरली. २००८ पर्यंत दौऱ्यावर ४५ कोरियन खेळाडू होत्या. स्कोअरकार्डच्या न्यायाने हा गुणवत्तेचा विजयच. एलपीजीएने मात्र नियम मांडला की, दोन वर्षे दौऱ्यावर असलेल्या खेळाडूला इंग्रजी बोलता आले पाहिजे, अन्यथा निलंबन. कारण दिले ते प्रायोजकांशी आणि माध्यमांशी संवादाचे. टीकेचा भडिमार झाला, एका प्रायोजक कंपनीनेही नाराजी दर्शवली, आणि काही दिवसांतच नियम मागे घ्यावा लागला. प्रसिद्धीची गरज आता थेट खेळण्याच्या हक्कावर अट घालू पाहत होती.

१७/ या सहा दशकांतून निष्कर्ष काय काढावा? प्रसिद्धी वाईट, हा निष्कर्ष इतिहासाला धरून नाही. बेबची गर्दी आणि कोलगेटचे डॉलर नसते, तर सग्ज आणि ब्लॅलॉक यांना खेळायला दौराच उरला नसता. ‘बाजार म्हणेल ते खरे’ हेही टिकत नाही. त्या बाजाराने गिब्सनला बूट बदलायला जागा दिली नाही. खरा प्रश्न प्रसिद्धीचे लगाम कोणाच्या हाती आहेत, हा आहे. १९५० मध्ये बेसबॉलच्या मैदानावर चेंडू टोलवणारी खेळाडू स्वतःच्या कौशल्याची जाहिरात करीत होती. १९८१ मध्ये संघटनेने खेळाडूच्या देहाची केली. २००८ मध्ये तर जाहिरातीस निरुपयोगी ठरणारीला बाहेर काढण्याची तयारी झाली. दरवेळी कारण एकच सांगितले गेले : खेळ जगला पाहिजे.

१८/ म्हणून एखाद्या खेळाडूविषयी ‘हिला उगाच प्रसिद्धी मिळते’ असे वाचले की दोन प्रश्न विचारावेत. ही प्रसिद्धी कोणी निर्माण केली आणि तिचा लाभ कोणाच्या खिशात गेला? उत्तर बहुतेक वेळा त्या खेळाडूपाशी संपत नाही. आणि लुईस सग्जचे नाव आज प्रथमच ऐकले असेल, तर तिचे १४ फटके लक्षात ठेवा. एलपीजीएची सर्वोत्तम नवोदित खेळाडू दरवर्षी जो करंडक उचलते, त्यावर तिचेच नाव आहे.